दसरा आणि दिवाळीच्या मधलं नॉर्वे

दीपाताईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सुई बोटात घुसली म्हणून शिवी देत होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला स्टेज सजवायचं काम तिच्याकडे होतं. मी तिथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला नुकतीच लागले होते आणि मला सजावटीवर देखरेख करायला पाठवलं होतं. देखरेख म्हणजे नेमकं काय, ते मला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे एक टोपली सरकवली.

"उभी काहून राहिली? पाकळ्या वेगळ्या कर. एम.ए. झाली ना?"

मी पाकळ्या वेगळ्या केल्या. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

दीपमाला, म्हणजे दीपाताई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर तिच्या घरचं फुलांचं दुकान आहे. शेत नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला, काळ्या जमिनीत, शेवंतीचं आणि झेंडूचं. धाकटा भाऊ मनोज शेत आणि बाजार पाहतो. वडील पंजाबराव गल्ल्यावर बसतात. हार, वेण्या, गजरे, वरमाला, मयताचे हार, हे सगळं दीपाताईच्या हातचं. तिचं लग्न झालेलं नाही. सगळ्यांत धाकटी बहीण प्रतीक्षा, तिचं झालं. ती अकोल्याला दिली आहे. मोठीच्या आधी धाकटीचं कसं झालं, हे मी एकदा विचारलं होतं. "त्या वर्षी लगनं लय होती," दीपाताई म्हणाली. "मले हातातून सुई ठेवाले फुरसत नोहती." मी हसले. ती हसली नाही.

नॉर्वे तिच्या डोक्यात फोनमधून शिरलं. दुकानाच्या मागे गोदामवजा खोली आहे, तिला लागूनच घर. तिथे पाण्याच्या बादलीला फोन टेकवून ती व्हिडिओ लावायची आणि हार करायची. एक दिवस मी गेले तर पडद्यावर बर्फ होता. लाल रंगाची चार लाकडी घरं, मागे डोंगर, समोर काळं पाणी. माणूस कोणी नाही.

"पाय बरं," ती म्हणाली, "कोठी फूल दिसून राहिलं का तुले?"

"नाही."

"मी तीनदा पायलं. एकबी नाही. हिवाळाभर नसते म्हणे. दारात नाही, देवाजवळ नाही. बायका डोक्यात काय घालत असतीन?"

"टोपी."

"टोपी!" तिला ते फार आवडलं. "मले या गावाले जायचं."

मला वाटलं, बोलते आहे. आम्ही सगळेच बोलतो. पण पुढच्या आठवड्यात तिने पासपोर्टला फोटो काढला.

नॉर्वेला जायचं ठरवणं तिला सोपं होतं. कधी जायचं, ते अवघड होतं. आम्ही दोघी त्या मागच्या खोलीत बसून अख्ख्या वऱ्हाडात कुणाला फुलं लागत नाहीत असा पंधरवडा शोधू लागलो. श्रावण नाही. गणपती नाही, महालक्ष्म्या नाहीत. मार्गशीर्षात गुरुवार, मग लग्नसराई ती थेट जूनपर्यंत. जूनमध्ये माणसं मोकळी, पण तेव्हा तिथे सूर्यच मावळत नाही आणि बर्फ वितळलेला असतो. पितृपक्ष रिकामा होता. पंजाबराव म्हणाले, पितरपाखात घराबाहेर पाय टाकायचा नाही.

"देव झोपत नाही का हो कधी?" दीपाताईने वडिलांना विचारलं.

"झोपते ना. आषाढापासून चार महिने झोपते."

"अन् तवाच आमाले लय काम!"

शेवटी एक फट सापडली. दसरा झाला की दिवाळीपर्यंतचे दिवस. तेव्हा नॉर्वेच्या उत्तरेला थंडी पडायला लागलेली असते आणि आभाळात तो हिरवा उजेड दिसू लागतो, ज्याच्यासाठी लोक जातात. दीपाताईला उजेडाचं फारसं नव्हतं. "दिसला तं दिसला," ती म्हणायची.

नागपूरच्या एका टूर कंपनीचा गट त्याच दिवसांत निघत होता. खोलीत दोघींनी राहायचं, म्हणून जोडीला कोणीतरी हवं होतं. मला रजा मिळत नव्हती आणि माझ्याकडे पासपोर्टही नव्हता. तिने प्रतीक्षाला विचारलं.

"थंडीत मराले जायचं का ताई? त्यापरीस सिमला पायू," प्रतीक्षा फोनवर म्हणाली.

"सिमल्यात फुलं असतात."

"मंग?"

"तुले नाही समजायचं. येते का सांग."

प्रतीक्षाच्या सासरचे आधी नको म्हणाले. मग म्हणाले, मोठी बहीण सोबत आहे तर जाऊ दे. दीपाताई सोबत आहे या एका गोष्टीवर प्रतीक्षाला परवानगी मिळाली, हे मला पुढे फार आठवत राहिलं.

कंपनीचा माणूस दुकानात येऊन अर्ज भरून गेला. त्याने मोबाइल नंबर विचारला तेव्हा दीपाताईचे दोन्ही हात ओल्या शेवंतीत होते. मनोज म्हणाला, "माहा लिहा. तिचा फोन पाण्यातच असते." खोटं नव्हतं ते. गॅस, विजेचं बिल, दीपाताईचं बँकेतलं खातंसुद्धा मनोजच्याच नंबरावर चालायचं. कोणाला त्यात काही वाटलं नाही. कंपनीच्या माणसालाही नाही.

तयारी वर्षभर चालली. आदल्या हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर घेऊन आले तेव्हाच तिने जाड जाकीट आणि मोजे घेऊन ठेवले होते. आई माणिकबाईंनी जवसाची चटणी, भाजणी आणि खारोड्या बांधल्या. "तिथं काय भेटते माय, मासे!" त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. व्हिसा आला. फूलबाजारातल्या लोकांनी नवरात्राच्या आधी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार. बॅनरवर लिहिलं होतं, 'विदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. हार गळ्यात पडल्यावर दीपाताई माझ्या कानात म्हणाली, "कोणं केला हा? गाठ ढिली हाय." फोटोत ती हसते आहे. तो फोटो माझ्याकडे आहे.

आठव्या माळेला सकाळी नांदगावहून फोन आला. खुशालराव गेले.

खुशालराव म्हणजे पंजाबरावांच्या आजोबांच्या भावाचा नातू. दोन्ही शेतांच्या मधल्या विहिरीवरून या दोन घरांचं बोलणं बंद होतं. प्रतीक्षाच्या लग्नाला ते आले नव्हते. त्यांच्याकडच्या लग्नाची पत्रिका इकडे आली नव्हती. दीपाताईने त्यांना शेवटचं कधी पाहिलं ते तिला आठवत नव्हतं.

पण भावकी ती भावकी. सुतक आलं. घरचा घट हलवला. माणिकबाईंनी देवघराला पडदा ओढला.

दुपारी भावकीतले थोरले डोमाजीकाका आले. पांढरा टॉवेल खांद्यावर, पानाचा तोबरा. मी मागच्या खोलीच्या दाराशी होते. त्यांनी पाणी घेतलं नाही, थेट बोलायला लागले.

"पंजाबराव, तेरवीले सगळं घर पायजे. आधीच तुमच्यात वैर. एक माणूस कमी दिसला तं लोक म्हणतीन, मेल्यावरबी सोडलं नाही."

"येऊ ना. सगळेच येऊ."

"पोट्टी फॉरेनले चालली म्हणतेत?"

पंजाबरावांनी दीपाताईकडे पाहिलं नाही. "दोघी चालल्या होत्या," ते म्हणाले.

होत्या. तो शब्द ऐकून दीपाताई पुढे आली.

"प्रतीक्षाचं काही नाही," डोमाजीकाका म्हणाले. "ती दुसऱ्या घरची झाली. तिचं एका आंघोळीत फिटते. पण ही तुमच्या घरची. हिले पुरं सुतक. दहा दिवस कोठी जाता येत नाही. तेरवीले पुऱ्या लाटाले घरची पोरगी लागते."

"काका," दीपाताई म्हणाली, "मी त्यायच्या घरी पाणी नाही पेली कधी."

"म्हणून काय झालं? रक्त आहे."

"दुकानात माहा हिस्सा नाही. शेतात माहं नाव नाही. अन् सुतक तेवढं पुरं?"

डोमाजीकाकांनी तोबरा गालात सरकवला. मग त्यांनी पंजाबरावांना विचारलं, "हे असंच बोलते का?"

"बोलते," पंजाबराव म्हणाले.

माणिकबाई पडद्याआडून म्हणाल्या, "जाऊ द्या ना तिले. वरीसभर तयारी केली पोरीनं. पुऱ्या मी लाटतो."

त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. डोमाजीकाका उठले आणि चपला घालून गेले.

दसऱ्याला एक दिवस मध्ये होता. वर्षातला सगळ्यांत मोठा बाजार. शेतात झेंडू भरून उभा होता. सुतकातल्या हातांनी देवाची फुलं तोडायची नाहीत, विकायची नाहीत, हे मला माहीत होतं. मी मनोजला विचारलं, आता काय करणार?

"मजूर तोडतेत," तो म्हणाला. "आपण कुठं हात लावतो? फूल झाडाचं असते. झाडाले कायचं सुतक?"

दुकानावर त्याने एक ओळखीचा माणूस बसवला. पाटीवरचं नाव ताडपत्रीने झाकलं. पण तोरणं कमी पडायला लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मनोज मागच्या खोलीत आला, चार टोपल्या झेंडू ओतला आणि म्हणाला, "ताई, बस. मागं कोण पायते?"

ती बसली. मी तिच्यासमोर बसले. आंब्याचं पान, झेंडू, आंब्याचं पान. बाहेर गर्दीचा आवाज येत होता.

"माह्या हातचं तोरण अर्ध्या अमरावतीच्या दाराले चालते," ती म्हणाली. "मी विमानात चालत नाही."

"जा तू," मी म्हणाले. "पासपोर्ट तुझ्याजवळ आहे. व्हिसा आहे. कोण अडवणार? मारतील का?"

"मारत नाहीत. तसे नाहीत ते."

"मग?"

तिने पान दुमडलं, सुई घातली.

"जातो," ती म्हणाली. "मी जातो. माय म्हणली ना लाटतो पुऱ्या. तू नागपूरपर्यंत चल फक्त."

दसरा उलटल्यावर हे तिने घरात उघड सांगितलं. जेवताना. मनोज ताटातून वर न पाहता म्हणाला, "तुही मर्जी." पंजाबराव जेवत राहिले. मला दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा मी खूश झाले. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, असं मी तिला म्हणालेसुद्धा.

निघायच्या दिवशी प्रतीक्षा अकोल्याहून पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याला उतरली. आम्ही तिला तिथून गाडीत घेतलं. नवीन लाल बॅग, नवीन बूट. ती दीपाताईच्या गळ्यात पडली नाही, मागे माझ्याजवळ येऊन बसली. नागपूरपर्यंत फोनमध्ये पाहत होती. दीपाताई पुढे होती. कौंडण्यपूरचा फाटा गेला, मोझरी गेली, तळेगाव गेलं. तिने काच खाली केली होती. ड्रायव्हर म्हणाला, एसी चालू आहे. ती म्हणाली, "असू द्या. तिथं काच उघडता येणार नाही."

वाटेत तिने डबा उघडला आणि आम्हाला खारोड्या दिल्या. प्रतीक्षाने घेतल्या नाहीत.

"काहून गं? गाडी लागते का?"

"नाही ताई. भूक नाही."

विमानतळाच्या बाहेर कंपनीची बाई पिवळं निशाण घेऊन उभी होती. भोवती वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांच्या बॅगांना सारख्या फिती. तिने प्रतीक्षाचं नाव विचारलं, खूण केली, फीत बांधली. मग दीपाताईने नाव सांगितलं. बाईने फोनमध्ये वर पाहिलं, खाली पाहिलं.

"दीपमालाताई, तुमचं तर रद्द झालं ना? घरी मृत्यू झाला म्हणून?"

"नाही," दीपाताई म्हणाली. "मी आली ना."

"दसऱ्याच्या दिवशी रद्द झालंय. आम्ही फोनही केला होता खात्री करायला. तुमच्या नंबरवर ओटीपी गेला, तिकडून सांगितला गेला. तुमचे भाऊ बोलले. फार दुःखात होते."

मी म्हणाले, परत बुक करा. बाई म्हणाली, जागा गेली, तिकीट गेलं, आता काही होत नाही. तिचा आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा होता. मी मनोजला फोन लावला. त्याने उचलला नाही.

दीपाताई प्रतीक्षाकडे वळली.

"तुले माहीत होतं."

प्रतीक्षा रडायला लागली. "दादानं आमच्या यायले फोन केला होता. यायनं मले सांगतलं, पैसे भरले आहेत तं तू जाय म्हणले. मी सांगणार होतो ताई. बडनेऱ्यालेच सांगणार होतो."

"मंग?"

"तू म्हणली असती, तूबी नोको जाऊ."

दीपाताईने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती ओरडेल. मी तिच्या दंडाला धरलं होतं. तो दंड सैल होता.

"नसतं म्हटलं," ती म्हणाली.

आतून बोलावणं आलं. प्रतीक्षाने डोळे पुसले. दाराशी जाऊन तिने वळून पाहिलं, हात अर्धा वर केला. मग शिपायाने तिचा पासपोर्ट पाहिला आणि ती आत गेली. मी दीपाताईला म्हणाले, चल. ती म्हणाली, "विमान निंगू दे." आम्ही बाहेर कठड्यावर बसलो. विमान आम्हाला दिसलंच नाही, नुसता आवाज आला.

परतीच्या वाटेवर ती झोपली. मला झोप लागली नाही. मी पाच वर्षं साहित्य शिकले, माणसं माणसांशी कशी वागतात याची पानंच्या पानं वाचली. मनोजने ताटातून वर न पाहता 'तुही मर्जी' म्हटलं तेव्हा तिकीट रद्द होऊन गेलेलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा मनात लावून पाहत होते आणि ते पुन्हा पुन्हा तसंच लागत होतं.

घरी मनोज दारातच होता. "पैसे वाचले ताई," तो म्हणाला. "मयताच्या कारणानं बरेचसे वापस भेटतेत. तुह्याच खात्यात येतीन. मी काही खाल्ले नाही."

"जेवली का तू?" माणिकबाईंनी विचारलं. त्यांनाही काही सांगितलं गेलं नव्हतं. मुलगी परत का आली ते त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्या आत गेल्या आणि बांधलेल्या चटणीच्या पुड्या सोडून बरणीत ओतल्या.

तेरवीला दीपाताई नांदगावला गेली. मीही गेले, कारण ती म्हणाली ये. तिने पुऱ्या लाटल्या. खुशालरावांच्या सुनेने तिला विचारलं, "तुमी कोणत्या म्हणा?" कोणीतरी नातं सांगितलं, ते सुनेला उमगलं नाही. पंजाबराव पंगतीत खुशालरावांच्या मुलाशेजारी बसले होते. दोघं विहिरीच्या मोटारीबद्दल बोलत होते. डोमाजीकाका वाढताना म्हणाले, "पंजाबरावानं घर सांभाळलं." त्याच वेळी प्रतीक्षाने फोटो टाकले होते. बर्फात उभी, हात पसरून. बायका ते फोटो एकमेकींना दाखवत होत्या. एक बाई लाटणाऱ्या दीपाताईपुढे फोन धरून म्हणाली, "तुही बहीण ना हे? नशीबवान हाय."

"हो," दीपाताई म्हणाली. "तेल तापलं का पाय."

प्रतीक्षा आली तेव्हा दुकानात चॉकलेटं घेऊन आली. दीपाताईने एक खाल्लं, चांगलं आहे म्हणाली. उजेड दिसला का, हे तिने विचारलं नाही. प्रतीक्षाने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिला गिऱ्हाईक आलं.

हे गेल्या वर्षीचं. आता वेगळंच एक चाललं आहे. दीपाताई घरात पुन्हा नॉर्वेचं बोलते. जेवताना म्हणते, यंदा जानेवारीत जावं म्हणतो. पंजाबरावांचा घास थांबतो. मनोज म्हणतो, "लगनाचं काम हाय जानेवारीत." ती म्हणते, "पाहू." नवं सिम तिने स्वतःच्या नावावर घेतलं आहे, बँकेत जाऊन नंबर बदलून आणला आहे. बॅग तिने पलंगाखालून काढून बैठकीच्या खोलीत ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल अशी. मनोजला ती रोज ओलांडावी लागते. भावकीत कोणी आजारी पडलं की पंजाबराव आधी तिच्याकडे पाहतात.

मला आनंद झाला. मी रजेचा अर्ज केला, पासपोर्ट काढायला टाकला. परवा तो आला. मी तो घेऊन दुकानात गेले, मागच्या खोलीत तिच्यापुढे धरला. म्हटलं, दीपाताई, जानेवारी तर जानेवारी. आपण दोघी.

तिने पासपोर्ट हातात घेतला नाही. हात ओले होते. नुसता पाहिला.

"फोटो बरा आला तुहा," ती म्हणाली.

"तारीख सांग ना."

"मले नाही जायचं."

मी पासपोर्ट खाली केला.

"कधीच?"

"मेली ते हौस. नागपूरलेच मेली. आता फुकट नेलं तरी नाही जाणार मी."

"मग घरी रोज का बोलतेस?"

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर गल्ल्यावर पंजाबराव होते, त्यांच्या शेजारी मनोज टोपल्या उतरवत होता. तिने आवाज खाली आणला.

"मले कोठीच जायचं नाही, हे त्यायले समजलं ना, तं ते सुखानं झोपतीन. सांगू नोको."

मी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. मनोज टोपली घेऊन आत आला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय मॅडम, फिक्स झालं का तुमचं?"

"होऊन राहिलं," दीपाताई म्हणाली. "तारीख पाहून राहिलो."